उघाडीवाल्याची जीभ

नाना जेवायला बसले की काकी त्यांच्या ताटात मीठ वाढत नसत. भातात नाही, आमटीत नाही, भाकरीच्या पिठातसुद्धा नाही. माशांच्या कालवणाचे चुलीवर दोन टोप असायचे, एक घराचा आणि एक नानांचा. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो तेव्हा नानांच्या टोपातलं कालवण चुकून माझ्या वाटीत आलं. दोन घास मी सभ्यपणे गिळले. तिसऱ्याला काकींच्या लक्षात आलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"अवो, त्यांचं अळणी तुमाला कशाला? त्यांची जीभ सरकारी हाय!"

सरकारी नव्हती, गावाची होती. तारापूर आणि बोईसरच्या मधल्या पट्ट्यात, खाडीला चिकटून त्यांचं गाव. गावाची निम्मी भातशेती खाजणात, म्हणजे समुद्राचीच जागा बांध घालून हिसकावून घेतलेली. बांधाच्या पलीकडे खारं, अलीकडे गोडं. पावसाचं जास्तीचं पाणी बाहेर जायला बांधात एक दगडी मोरी ठेवलेली, आणि तिच्या बाहेरच्या तोंडावर टांगलेली सागवानी झडप. हिला म्हणायचं उघाडी. भरती आली की समुद्रच झडप दाबून बंद करतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. ऐकायला सगळं आपोआप होतं. पण झडपेत एखादी काटकी अडकली, बिजागरी गंजली किंवा खेकड्यांनी बांध पोखरला, की खारं आत शिरतं आणि पुढे दोन-तीन वर्षं तिथे भात सोडा, धड गवतही उगवत नाही. म्हणून उघाडीला राखण लागते. नाना ती राखण करत. आधी त्यांचे वडील करत, त्याआधी आजा.

रोज दोनदा ते आतल्या चरात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि थुंकायचे. एवढंच त्यांचं यंत्र. ते बिघडू नये म्हणून मीठ बंद.

"जिभेला मिठाची सवय झाली का ती खोटं बोलते," ते म्हणायचे. "थोडं खारं तिला गोडंच लागतं. खाजन तेवढ्यातच मरतं."

मी मूळचा सोलापूरकडचा. समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. साठच्या दशकात तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं आणि त्या धामधुमीत आसपास लहानमोठ्या वसाहती उभ्या राहायला लागल्या. त्यातल्याच एकीच्या बांधकामावर मी ओव्हरसियर म्हणून लागलो. वसाहतीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, काम सांगतो. वसाहतीचं सांडपाणी टाक्यांत निवळून एका जाड नळातून खाडीपलीकडे थेट समुद्रात सोडायचं होतं. आणि नळाला जायला सरळ वाट एकच होती, नानांच्या गावचं खाजण आणि नानांचा बांध.

गाव ऐकेना. बांधाला भोक पाडायचं म्हणजे घराच्या भिंतीला भोक पाडून रस्त्यावरच्या कुत्र्याला या म्हणण्यासारखं. आमचे साहेब स्वतः आले. साहेब भला माणूस होता, पण त्यांचा नकाशावर फार जीव. देवळासमोर त्यांनी भलामोठा नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. लोक नकाशाकडे बघत नव्हते, नानांकडे बघत होते.

नानांनी एकच विचारलं, "याला झडप कुटं हाय?"

"झडप लागणार नाही," साहेब म्हणाले. "आतून पाण्याचा इतका जोर असेल की समुद्राला आत यायला जागाच मिळणार नाही. हा बाण बघा. पाणी फक्त बाहेर जाणार."

नानांना वाचता येत नव्हतं, पण बाण कळत होता. ते उकिडवे बसले, नकाशावरच्या नळावरून टोकापर्यंत बोट नेलं आणि बराच वेळ त्या बाणाकडे बघत राहिले. मग उठून गावाला म्हणाले, "कागदावर बान भाईर हाय. शिकलेला मानूस सांगतोय. खारं येनार नाय. माझा शबूद."

गावाने साहेबांवर नाही, नानांवर विश्वास ठेवला. नळाला वाट मिळाली ती त्या शब्दावर. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं साहेबांनी फार छान समजावून सांगितलं.

नळ टाकताना नाना रोज बांधावर बसून बघायचे. मधे पडायचे नाहीत. एकदा आम्ही खाडीच्या चिखलात सकाळी दहाला सिमेंटचा सांधा भरायला घेतला. कचेरी दहाला सुरू होते, म्हणून काम दहाला. साडेअकराला पाणी घोट्यापर्यंत आलं, बाराला गुडघ्यापर्यंत, आणि सिमेंट, घमेली, एका गवंड्याची टोपी असं सगळं खाडीत तरंगायला लागलं. मी चिखलाने भरलेला बांधावर आलो. नाना तिथेच बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं पाणी येणार!"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कुटं तुमी?"

मग मात्र त्यांनी मला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चौथ असेल तर तीनला. पंचांग घरी असलं तर उत्तम, नसलं तर काकींना विचारायचं. त्यांचे उपास चुकत नसत. मी घड्याळ दाखवलं की नाना त्याच्याकडे पाहुण्याच्या पोराकडे बघावं तसं कौतुकाने बघत आणि विसरून जात. उमरोळीला त्यांच्या सख्ख्या पुतणीचं लग्न होतं, नेमकं अमावास्येच्या उधाणाला. मुहूर्त सकाळचा. नाना भरती फिरेपर्यंत उघाडीवरून हलले नाहीत. पोचले तेव्हा मांडवात पत्रावळी गोळा करणारेच उरले होते. ते शांतपणे बसले, कोरा भात आणि गूळ मागून घेतला, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या भरतीच्या आत परत.

समुद्राला ते समुद्र म्हणत नसत, दर्याही क्वचित. 'तो' म्हणत. "तो आज रागात हाय." "तो खालून येतो, वरून नाय." हे दुसरं वाक्य मी पन्नास वेळा ऐकलं असेल. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात तसलंच काहीतरी, असं समजून सोडून दिलं.

त्या गावाची एक रीत होती. नारळी पौर्णिमेला इतर ठिकाणी नारळ समुद्राला जातो. इथे पहिला नारळ उघाडीच्या तोंडाशी सोडायचा, आणि तो सोडायचा उघाडीवाल्यानेच. ज्याच्या हातात नारळ, त्याच्या हातात वर्षभर गावाचं भात. नळ सुरू झाला त्या वर्षी मी ते पाहिलं. नाना कमरेइतक्या पाण्यात उतरले, डोक्याला बांधलेलं फडकं सोडून खांद्यावर टाकलं, नारळ झडपेला लावला आणि सुकतीच्या धारेत सोडला. नारळ खाडीत दिसेनासा झाला तेव्हाच बायकांनी गाणं धरलं.

बांधाच्या आत, धर्माच्या शेताला लागून नळाची एक विटांची टाकी होती, वर लोखंडी झाकण. धर्मा म्हणजे नानांच्या चुलतभावाचा मुलगा, तिशीचा, तोंडाने फटकळ. आठवड्याला एकदा झाकण उघडायचं, दोरीला बादली बांधून पाणी काढायचं, बाटलीत भरून वसाहतीच्या छोट्या प्रयोगशाळेत द्यायचं आणि निकाल वहीत लिहायचा, हे काम माझं. निकाल दर वेळी एकच. मी लिहायचो, 'गोडे. ठीक.'

पंप चालवायला रामसेवक होता, उत्तरेकडचा. एक दिवस तो धावत आला. "बाबूजी, टंकी में केकड़ा है!"

खरोखरच एक चिंबोरी टाकीच्या भिंतीला चिकटून बसली होती. आम्ही दोघं पोट धरून हसलो. बांध ओलांडून आली असेल, मी म्हणालो. रामसेवकने ती फडक्यात धरून बाहेर सोडून दिली. ती नळातूनच चालत आली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ते नानांना सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. नाही सांगितलं.

भाद्रपदात पावसाने पंधरा दिवस ओढ दिली. अमावास्येचं उधाण आलं आणि गेलं. आणि टाकीच्या बाजूचं धर्माचं भात शेंड्याकडून करपायला लागलं. लोंब्या बाहेर पडल्या त्या उभ्याच्या उभ्या राहिल्या. दाणा भरला की लोंबी वाकते, या वाकेनात. धर्माने एक चुरगळून पाहिली, हातात नुसतं फोलपट.

देवळासमोर गाव जमलं. मलाही बोलावलं, वही घेऊन.

"नाना, उघाडी गळते तुमची," धर्मा सरळ म्हणाला. "वय झालं. जीभ गेली."

"नाय गळत."

"मग खारं कुठून आलं? नळातून?"

सगळे माझ्याकडे वळले. मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. गोडे, ठीक. गोडे, ठीक. प्रत्येक आठवड्याचं. मी खोटं काही वाचत नव्हतो, आणि आवाजही ठणठणीत होता. वाचून संपलं तेव्हा नानांचा बचाव संपला होता, हे मला वही मिटल्यावर कळलं. काकी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या, त्या उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात उभे. रात्रीच्या सुकतीला त्यांनी उघाडी उतरवून बघितली होती. झडप धड, बिजागरी धड, चर गोडा.

"तुमी टाकीतलं पानी काडता ते कुटलं काडता?"

"कुठलं म्हणजे? टाकीतलं."

"वरचं का खालचं?"

"वरचं. बादली तरंगते ना."

"हं," नाना म्हणाले.

त्यांच्या हातात बांबू होता. त्याच्या टोकाला सरबताची रिकामी बाटली, बाटलीला दगडाचं वजन, बुचाला वेगळी दोरी. उघाडीच्या खोल चरासाठी त्यांनी केलेलं जुनं साधन. आम्ही टाकीवर गेलो. रामसेवकने झाकण उचललं. नानांनी बाटली अगदी तळाशी टेकवली आणि मग बुचाची दोरी ओढली. बुडबुडे थांबल्यावर बाटली वर घेतली. आणि मी नको नको म्हणेपर्यंत बोट बुडवून जिभेला लावलं.

"नाना! अहो, ते पाणी कशाचं आहे माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. तुमच्या कालनीचं हाय. तुमीबी हाय त्यात." ते थुंकले. परत एकदा थुंकले. "खारं. दर्याचं."

रामसेवक "राम राम राम" करत मागे सरला. नाना मात्र बाटलीला बूच लावत होते. उघाडी आळातून सुटली होती, पण शब्द अडकला होता. त्यांच्या शब्दावर आलेल्या नळातूनच खारं आत आलं होतं.

तसेच ते साहेबांच्या कचेरीत शिरले. साहेब आधी हसले. "नाना, सांडपाण्यात थोडं मीठ असतंच. माणसाचंच असतं ते."

"साएब, मानसाचं खारं येगळं, दर्याचं येगळं. मी चाखलंय."

साहेब हसायचे थांबले. प्रयोगशाळेत दोन नळ्या भरल्या, एकीत वरचं पाणी, दुसरीत तळाचं. मीठ दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकताच वरचं जेमतेम धुरकट झालं. तळाचं दह्यासारखं फाटलं. साहेबांनी खुर्ची ओढली आणि खाली बसले. मग त्यांनीच उलगडून सांगितलं, मला आणि बहुधा स्वतःलाही. नळ केला होता सगळी वसाहत भरेल तेव्हाच्या पाण्यासाठी. आज चार-दोन इमारतींत माणसं. पाणी इवलंसं, नळ मोठा. गोडं हलकं म्हणून ते वरून बाहेर जात होतं, आणि खारं जड म्हणून तळाशी सरपटत आत येत होतं, वाळू आणि शिंपले घेऊन. टाकीच्या तळाच्या विटांतून ते धर्माच्या शेतात झिरपत होतं. मी वरचं पाणी काढून 'ठीक' लिहीत होतो.

"तो खालून येतो," नाना म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

"वसाहत भरली की आपोआप थांबेल," साहेब म्हणाले.

"कालनी भरंपरेन धर्माचं पोट कोन भरंल?"

मग नानांनीच तोड सांगितली. "थोडंथोडं सोडू नका. भरतीला कोंडून ठेवा. भरती फिरली का समदं एकदम सोडा. उघाडी काय येगळं करते?"

तसंच केलं. नळ उपसला तेव्हा पाट्याच्या पाट्या वाळू आणि कालवं निघाली. टाकीचा तळ नव्याने बांधला. नळाच्या तोंडाला मनोरहून आणलेल्या सागाची झडप बसली, आणि ती गावच्या सुताराने उघाडीच्या मापानेच केली. पंपघराच्या भिंतीवर एक फळा लागला. रोज सकाळी नाना यायचे, तिथीची पाऊणपट करून वेळ सांगायचे, रामसेवक खडूने लिहायचा. "नाना, आज कितने बजे?" "आज पंचमी हाय. पावणेचारला तो फिरंल. चारला सोड." पुढे टाकीच्या तळाचं पाणी मी दर आठवड्याला त्या बाटलीनेच काढलं. खारं पुन्हा आलं नाही.

गावाला सगळं कळलं. देवळासमोर मी उभा राहून सांगितलं की चूक नळाची आणि माझ्या बादलीची, उघाडीची नव्हे. हे सांगताना मला लाज वाटत होती, पण सांगून बरं वाटलं. धर्माने सगळ्यांदेखत नानांच्या पायाला हात लावला. प्रकरण मिटलं, असं सगळ्यांनी धरलं. नानांनी धरलं नव्हतं.

पुढच्या नारळी पौर्णिमेला गाव बांधावर जमलं. नाना पाण्यात उतरले, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी मागे वळून धर्माला हाक मारली. "ये खाली." धर्मा उतरला. नानांनी नारळ त्याच्या हातात दिला.

"नाना, अवो, चूक तुमची नवती!" धर्मा रडकुंडीला आला होता. बांधावरून चार जण ओरडले, तुमीच सोडा, तुमीच सोडा.

"उघाडी सडली असती तर नवी बसवली असती न् परत हितंच उभा ऱ्हायलो असतो," नाना म्हणाले. "शबूद मी न चाखता दिला. बान बघितला, पानी नाय बघितलं. तुझं शेत मेलं. सोड तू."

नारळ धर्माने सोडला. नाना काठावर आले, फडकं पिळलं आणि बायकांचं गाणं सुरू व्हायच्या आत घराकडे चालू लागले. पंपघराच्या फळ्यावर वेळ सांगायला मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे हजर होते.

दोन महिन्यांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी काकींनी जेवायला बोलावलं. चुलीवर टोप एकच होता. काकींनी पानं वाढली. माझ्या पानात मीठ वाढलं आणि नानांच्या पानाशी त्यांचा हात थांबला. नानांनी मिठाचं भांडं स्वतःच ओढून घेतलं, चिमूटभर मीठ भातावर भुरभुरलं, कालवलं आणि जेवायला लागले. काकी मागच्या दाराकडे बघत बसल्या होत्या.

जेवून नाना मला बांधापर्यंत सोडायला आले. उघाडीच्या चरात धर्मा वाकलेला होता. बोट जिभेला लावत होता, थुंकत होता, परत लावत होता.

"नाना, जरा बघा वो," तो म्हणाला. "मला गोडंच लागतंय. पन भरवसा नाय वाटत."

नाना सवयीने वाकले. बोट पाण्यात बुडवलं, तोंडापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले. मग बोट फडक्याला पुसलं.

"माझं नको धरू," ते म्हणाले. "मी मीठ खाल्लंय."

धर्माने पुन्हा बोट बुडवलं. मी सायकलवर बसलो. बांधाच्या वळणावरून मागे बघितलं तेव्हा धर्मा चरात वाकलेला होता, आणि नाना पाण्याकडे पाठ करून, खाजणातल्या भाताकडे बघत उभे होते. लोंब्या वाकलेल्या होत्या.